विठाबाईंना पदक मिळाले, फडाला शाळा मिळाली नाही

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने 'एली' नावाचा एक माहितीपट दाखविला. जमिला विग्नॉट या दिग्दर्शिकेने तो २०२१ मध्ये तयार केला. आल्विन एली या कृष्णवर्णीय नर्तकाचे आयुष्य आणि त्याने उभ्या केलेल्या नृत्यसंस्थेचा वारसा हा त्याचा विषय. एली १९३१ साली टेक्सासमध्ये जन्मला. बाप लहानपणीच सोडून गेला. आईने कापूस वेचून, लोकांची घरकामे करून त्याला वाढविले. या पोराने १९५८ मध्ये न्यूयॉर्कला कृष्णवर्णीय नर्तकांचा संच उभा केला. १९६० मध्ये आपल्या लोकांची चर्चमधली भक्तिगीते आणि त्यांच्या पिढ्यानपिढ्यांचे दुःख घेऊन 'रेव्हिलेशन्स' हे नृत्य बसविले. एली १९८९ मध्ये वारला, पण ते नृत्य आजही जगभर होते. त्याच्या संस्थेला न्यूयॉर्कसारख्या शहरात स्वतःची बहुमजली इमारत आहे, स्वतःची शाळा आहे.

ज्या अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच अमेरिकेतील ही गोष्ट आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटत नाही. आणि म्हणूनच ती पाहताना आंबेडकरी माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. एलीच्या वयाची, त्याच काळात नाचणारी, त्याच्यासारखीच तळातल्या समाजातून आलेली एक बाई आपल्याकडेही होती. तिच्या मागे काय उरले?

ती बाई म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला नारायणगाव लांबचे नाही. मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाट चढला की ओतूर, आळेफाटा आणि मग नारायणगाव. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने आणि तमाशाच्या कनाती ही या जत्रेची ओळख. फडांच्या गाड्या घाट उतरून खाली येतात आणि आपली माणसे तिकीट काढून आत जातात. टाळ्या-शिट्ट्या आपण पोटभर दिल्या आहेत. म्हणून या बाईचे आयुष्य कसे गेले हे माहीत करून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपूरला झाला. घराणे तमाशाचे होते. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला आणि पुढे वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो चालविला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने हा फड महाराष्ट्रभर गाजला. या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. किर्लोस्कर नाटक मंडळीने आडनाव लावले, गंधर्व नाटक मंडळीने पदवी लावली. भाऊ-बापूंच्या फडाला मात्र जात लागली. गावाच्या वेशीबाहेर ठेवलेली जात त्या फडाच्या पाटीवर अशी ठळक अक्षरांत होती, आणि वेशीच्या आतले लोक तीच पाटी वाचून तिकिटासाठी रांग लावत होते. दिवसा ज्याची सावली चालत नव्हती, त्याची कला रात्री चालत होती. मनुवादी व्यवस्थेचा हा दुटप्पीपणा समजायला ग्रंथ वाचावे लागत नाहीत, फडाची पाटी वाचली तरी पुरते.

विठाबाईंना शाळेत घातले होते, पण शाळेत त्या फारशा चमकल्या नाहीत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. सांगणारे ते कौतुकाने सांगतात, जणू कलेसाठीच जन्मलेल्या मुलीला शाळेची गरज नव्हती. पण फड गावोगाव हिंडणारा आणि शाळा एका जागी उभी. आज या गावात खेळ, उद्या त्या गावात. अशा मुलीचे मन शाळेत रमले नाही की शाळेनेच तिला रमवून घेतले नाही? हा प्रश्न कोणी विचारत नाही. लावणी, गौळण, भेदिक हे मात्र तिच्या कानावर रोज पडत होते. वेगळी तालीम न घेता ती लहान वयातच बोर्डावर उभी राहिली आणि पाहणाऱ्यांचे डोळे दिपले.

ढोलकी-फडाचा तमाशा म्हणजे नुसता नाच नव्हे. आधी गण, मग गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि कडे यांच्या तालावर नाचायचे, गायचे, सोंगाड्याच्या कोटीला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे आणि वगात उभी भूमिका करायची. लिहिलेले संवाद थोडे, हजरजबाबीपणा फार. एवढे सगळे एकाच बाईने एकाच रात्री करायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून पुढचे गाव गाठायचे. विठाबाई या सगळ्यात पारंगत होत्या. नृत्य, गाणे आणि अभिनय या तिन्हींवर त्यांची सारखीच हुकमत होती.

देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्यानंतर लवकरच मुंबई राज्याच्या सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी घातली. कलावंतांच्या पोटावर पाय आला. पुढे बंदी उठली, पण तमाशा 'सुधारण्यासाठी' समिती आली. सुधारणारे कोण? ज्यांच्या घरातली बाई कधी फडावर उभी राहणार नव्हती ते. तमाशाला 'लोकनाट्य' हे सोवळे नाव मिळाले. शहरी रंगभूमीने त्याचा बाज उचलला. मराठी चित्रपटाने लावणी उचलली आणि त्यावर कित्येकांनी नाव आणि पैसा कमावला. फडातली बाई मात्र होती तिथेच राहिली, उचल घेतलेल्या पैशाच्या व्याजात.

विठाबाईंच्या वाट्याला मान आला नाही असे नाही. १९५७ मध्ये त्यांना राष्ट्रपती पदक मिळाले. तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा त्या आघाडीवरील जवानांसमोर खेळ करायला गेल्या. १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून पुन्हा एकदा सन्मान झाला. वेशीबाहेरच्या समाजातल्या, शाळा न शिकलेल्या बाईसाठी हे थोडके नव्हे. आपल्या कर्तृत्वाने तिने ते मिळविले होते, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग महाराष्ट्रात घरोघर सांगितला जातो. नऊ महिने भरलेले असताना विठाबाई फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला आणि बाईला विश्रांती घ्यायला सांगितली. भाषणांतून, लेखांतून हा प्रसंग कलेवरील निष्ठेचा दाखला म्हणून येतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि टाळ्या पडतात.

आंबेडकरी माणसाने मात्र इथे टाळ्या वाजवू नयेत. त्याने विचारावे की दिवस भरलेली बाई फडावर उभी का होती? एका रात्रीचा खेळ बुडाला तर फडातल्या साऱ्या माणसांची चूल बंद होत होती म्हणून. सावकाराचे व्याज बाळंतपणासाठी थांबत नव्हते म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू मांडली. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभाचा कायदा आला आणि सर्कशीसारखे खेळ करणाऱ्या आस्थापनाही त्याच्या कक्षेत आल्या. कायदा कागदावर चालत चालत खेळ करणाऱ्यांपर्यंत आला, पण तमाशाच्या कनातीत शिरला नाही. ज्या प्रसंगाला आपण निष्ठा म्हणतो तो खरे तर हक्क नाकारल्याचा पुरावा आहे. दगडाने नाळ तोडावी लागणे ही शौर्यगाथा म्हणून मिरवण्याची गोष्ट नाही. त्या बाईचे धैर्य मोठेच होते, पण तिला एवढे धैर्य दाखवावे लागले ही व्यवस्थेची लाज आहे.

पुढे काळ बदलला. गावोगाव चित्रपट पोहोचला, मग व्हिडिओ, मग घरातला टीव्ही. कनातीचे भाडे, गाड्यांचे डिझेल, कलावंतांची उचल हे सगळे वाढत गेले आणि तिकीटबारी घटत गेली. विठाबाईंचे वय झाले, आजारपण आले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. दोनदा राष्ट्रपतींकडून गौरवल्या गेलेल्या या कलावतीच्या दवाखान्याचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. म्हशाच्या जत्रेचा हंगाम पौषातलाच. ज्या दिवसांत फड घाट उतरून येतात, त्याच दिवसांत ही बाई अशी गेली.

चार वर्षांनी, २००६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो योग्यच झाला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी घराण्याचा फड नेटाने चालविला आणि आईच्या नावाचा हा पुरस्कार त्यांनाही मिळाला. तरीही हिशेब मांडलाच पाहिजे. जिवंतपणी पदक, मेल्यानंतर पुरस्कार. मधल्या पंचेचाळीस वर्षांत घर नाही, निवृत्तिवेतनाचा भरवसा नाही, तालमीला जागा नाही, फडातल्या लेकरांना वसतिगृह नाही. पदक व्यक्तीला देता येते आणि फोटो काढून विषय संपविता येतो. संस्था उभी करायची तर जमीन द्यावी लागते, पैसा द्यावा लागतो आणि त्या समाजाच्या हाती कारभार द्यावा लागतो. प्रस्थापितांना नको असते ते हेच.

शहापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तानसा आणि भातसा आपल्या तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईच्या नळाला. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या गावपाड्यांना टँकर. जे पाण्याचे झाले तेच लावणीचे झाले. उगम आपल्याकडे, तहान आपल्याकडे आणि नळ दुसऱ्याच्या घरात.

इथे चळवळीतला एखादा जुना कार्यकर्ता हरकत घेईल. तो म्हणेल, तमाशाला बाबासाहेबांचाच विरोध होता, मग आज त्याचे कौतुक कशाला? हरकत रास्त आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. पठ्ठे बापूराव हे जन्माने कुलकर्णी, त्यांच्या फडातली नामांकित पवळाबाई महार. सत्याग्रहाच्या दिवसांत बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देणगी देऊ केली आणि आपल्या आयाबहिणींना नाचवून मिळविलेला तो पैसा बाबासाहेबांनी नाकारला, ही हकीकत चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, मुरळी, जोगतिणींच्या परिषदेत त्यांनी या भगिनींना तो मार्ग सोडण्याचे आवाहन केले. त्याच काळात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गण-गौळणीची जागा प्रबोधनाने घेतली. त्यातही बाईची भूमिका पुरुषच करीत, कारण आपली बाई पुन्हा बोर्डावर नाचवायची नाही हा निर्धार होता.

हा निर्धार बरोबरच होता. बाबासाहेबांचा विरोध कलेला नव्हता. कला आवडत नसती तर त्यांनी कर्डकांच्या जलशाला मान दिला नसता. त्यांचा विरोध जन्माने लादलेल्या धंद्याला होता. महाराच्या, मांगाच्या, कोल्हाट्याच्या पोटी जन्मली म्हणून मुलीने पायात चाळ बांधायचे आणि गावाच्या पाटलाने, सावकाराने तिच्यावर हक्क सांगायचा, या व्यवस्थेला होता. आपण मात्र त्यांच्या विचाराचा अर्धाच भाग घेतला. धंदा सोडा हे ऐकले, पण ज्यांना तो सोडता आला नाही त्या बायांकडे आपणही पाठ फिरविली. आपल्या वस्तीतल्या जाणत्यांनी पोरांना तमाशाला जाऊ दिले नाही, हे ठीक. पण फडातल्या पोरीला शाळेत न्यायला आपल्यापैकी किती जण कनातीत गेले? बाबासाहेबांनी १९३६ च्या परिषदेत त्या भगिनींना समोर बसवून बोलणे केले होते. त्यांच्याविषयी घृणा असती तर त्यांना बोलाविलेच नसते.

आता पुन्हा एलीकडे येऊ. अमेरिका म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथला वर्णद्वेष आजही संपलेला नाही. सुरुवातीच्या काळात एलीचा संच गाड्यांत सामान भरून गावोगाव फिरला, पैशाची ओढाताण त्यानेही सोसली. अठ्ठावन्नाव्या वर्षी एड्सने तो गेला आणि समाजाच्या भीतीने तो आजार मरेपर्यंत त्याने लपविला. माहितीपट ही वेदना दडवीत नाही. पण एलीने एक गोष्ट केली, तीच त्याचा वारसा टिकण्याचे कारण ठरली. १९६९ मध्ये त्याने ब्रुकलिनमध्ये शाळा काढली. सुरुवातीला सव्वाशे विद्यार्थी होते. आपले नृत्य आपल्या रक्तात आहे, ते दुसऱ्याला येणार नाही, असे तो म्हणत बसला नाही. जे येते ते शिकविता येते, हे त्याने मानले. संच मूळचा कृष्णवर्णीयांचा, पण पुढे त्यात गोरे आणि आशियाई नर्तकही आले. कलादिग्दर्शन मात्र कृष्णवर्णीयांच्याच हाती राहिले. त्याच्यामागे ज्युडिथ जेमिसन या कृष्णवर्णीय नर्तिकेने २०११ पर्यंत संस्था सांभाळली आणि तिला स्वतःची इमारत मिळवून दिली. माहितीपटात दिसते की नव्या पिढीचा नृत्यदिग्दर्शक रेनी हॅरिस तालीमघरात तरुण पोरापोरींकडून एलीच्या आयुष्यावरचे नवे नृत्य बसवून घेतो आहे. गुरू नाही, पण शाळा आहे, म्हणून वारसा आहे.

फड आणि शाळा यांतला फरक इथेच आहे. फडात माणूस जन्माने येतो, शाळेत शिकायला येतो. फडातली मुलगी बाहेर पडू शकत नाही, बाहेरची मुलगी आत येत नाही. शाळेला दोन्ही दारे असतात. ज्या दिवशी कुठल्याही जातीची मुलगी शुल्क भरून, परीक्षा देऊन लावणी, ढोलकी आणि वग शिकेल, आणि तमाशातल्या बाईची मुलगी हवे तर डॉक्टर, हवे तर तहसीलदार होईल, त्या दिवशी या कलेची जात मोडेल. बाबासाहेबांचा आक्षेप ज्या गोष्टीवर होता ती गोष्टच उरणार नाही. म्हणून तमाशाची शाळा मागणे म्हणजे बाबासाहेबांच्या विरोधात जाणे नव्हे. त्यांनी हाक दिलेल्या जातिअंताचे ते एक पाऊल आहे.

मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, शासन फडांना अनुदान देते, हे मान्य. पण विद्यापीठातल्या वर्गात फडातल्या बाईला शिक्षिकेची खुर्ची आणि पगार हवा, नुसते एका दिवसाचे मानधन नको. अनुदान फडमालकाच्या कर्जात जिरते, कलावंताच्या हाती काय पडते ते तपासले पाहिजे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे जत्रा बंद पडल्या, तेव्हा कनाती गुंडाळलेल्याच राहिल्या आणि किती फड कर्जात बुडाले हे नारायणगावला जाऊन कोणीही विचारावे. शासनाने मदत केली असेल-नसेल, आपण काय केले?

आपल्याला करता येण्याजोगी कामे आहेत. म्हशाच्या जत्रेत दरवर्षी फड येतात. मुरबाड-शहापूरच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत कनातीत जावे, तिकीट काढून नव्हे, वही-पेन घेऊन. फडातली किती लेकरे शाळेबाहेर आहेत, किती बायांची कामगार म्हणून नोंद नाही, किती वृद्ध कलावंतांना मानधन मिळत नाही, याची यादी करावी. ती तहसीलदाराकडे आणि समाजकल्याण खात्याकडे द्यावी. फिरत्या फडांच्या लेकरांसाठी वसतिगृहात जागा मागाव्या. बाळंतपणाची रजा आणि विमा फडाला लागू करण्याची मागणी आपल्या संघटनांच्या ठरावांत यावी. आणि ज्यांच्या हाती कॅमेरा आहे अशा आपल्या तरुणांनी म्हाताऱ्या तमासगिरिणींना बोलते करून ठेवावे. एलीची गोष्ट त्याच्याच लोकांनी सांगितली, त्याच्याच जुन्या मुलाखतींतल्या आवाजात सांगितली. विठाबाईंची गोष्ट आणखी किती वर्षे दुसऱ्यांनी सांगायची, आणि तीसुद्धा त्या एका बाळंतपणापाशी थांबून?

नारायणगावात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाची तमाशा शाळा उभी राहावी, तिच्या पाटीवर हे पूर्ण नाव असावे आणि तिच्या दारावर जात विचारली जाऊ नये. आपल्या चळवळीने ही मागणी आजवर कधी ठामपणे मांडली नाही. यापुढे ती मांडावी आणि पूर्ण होईपर्यंत सोडू नये.